दोरीचे दुसरे टोक

दिवाळीचा फराळ डब्यांच्या तळाशी गेला की आमच्या खानदेशात दोन बेत शिजू लागतात. पहिला बेत भरिताचा. तो आजा-पणज्यांपासून चालत आलेला आहे. थंडी पडली की मळ्यात जायचे, कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ करायचा, त्यात मोठाली हिरवी वांगी भाजायची, सोलून लाकडी मुसळीने ठेचायची आणि कळण्याच्या भाकरीबरोबर मांडी ठोकून खायची. दुसरा बेत अलीकडचा. तो बर्फाचा. भुसावळवरून जम्मूकडे जाणाऱ्या गाडीची तिकिटे काढायची, मुलांना लोकरी टोपडी घ्यायची आणि नाताळच्या किंवा संक्रांतीच्या सुमारास हिमालयात जाऊन बर्फात लोळून यायचे. आमच्या वाडवडिलांनी बर्फ पाहिला तो फक्त लग्नाच्या मांडवातल्या सरबतात. आता जळगाव-धुळ्याच्या साध्या नोकरदाराच्या घरातही भिंतीवर एक तसबीर असते, आणि तीत सगळे कुटुंब बर्फाचे गोळे हातात घेऊन हसत असते.

आमच्याही भिंतीवर अशी एक तसबीर आहे. तिच्याकडे पाहिले की मला एक प्रश्न छळतो. तो प्रश्न सणासुदीच्या अंकात मांडावा की नाही, याचा मी थोडा विचार केला. पण ज्या घरात यंदा असा बेत शिजत असेल, त्या घरातच तो बोलला जावा असे वाटते, म्हणून मांडतो. प्रश्न असा : जी गोष्ट दुसऱ्याचा रोजचा जाच आहे, तिच्यात आपण मौज करावी काय? आणि करावी, तर ती कशी करावी?

आधी आपल्याच घरापासून सुरुवात करू. थंडी ही खानदेशाला काही नवी नाही. आमचा वैशाख पंचेचाळीस अंशांचा असतो, त्यामुळे परमुलखातल्या माणसाला वाटते की आम्हांला थंडी म्हणजे काय ते ठाऊकच नसेल. पण सातपुड्यात तोरणमाळला किंवा अक्कलकुव्याकडच्या डाब या गावी एखाद्या वर्षी पहाटे दव गोठते आणि गवतावर पांढरा थर धरतो. हा भाग पूर्वी धुळे जिल्ह्यात होता, १९९८ पासून तो नंदुरबारमध्ये आहे. तिथली माणसे त्या पांढऱ्या थरावर घसरगुंडी खेळत नाहीत, ती शेकोटीपाशी गुडघे पोटाशी घेऊन उजाडण्याची वाट पाहतात. खाली रावेर-यावलकडे केळीचे बागाईतदारही त्याच रात्री जागे असतात. पारा दहा-बारा अंशांच्या खाली गेला की केळ अडते. नवे पान उलगडत नाही, असलेली पाने पिवळी पडतात, घड वेळेवर निसवत नाही. म्हणून शेतकरी रात्री बागेला पाणी देतो, कारण विहिरीचे पाणी त्या हवेहून उबदार असते. बांधावर ओला-सुका काडीकचरा पेटवून तो बागेवर धूर धरतो. पहाटे तीन वाजता त्या धुरात डोळे चोळत उभ्या असलेल्या माणसाला विचारा, थंडी सुंदर आहे का म्हणून!

आणि तोच माणूस पुढच्या महिन्यात पैसे मोजून याच्या कितीतरी पट कडक थंडीत जातो आणि लहान मुलासारखा ओरडतो. यात खोटे काही नाही. त्याचा आनंद अगदी खरा असतो. मला पुष्कळ दिवस याचे कोडे पडले होते. मग एकदा वाटले, उत्तर सोपे आहे. त्या बर्फाखाली त्याची केळ नसते. ज्या थंडीत आपले काही अडकलेले नाही, ती थंडी आपल्याला सुंदर दिसू शकते. मौजेचे मूळ बहुधा इथेच असते. जिथे आपल्याला काही गमवायचे नसते, तिथे आपण खेळू शकतो.

मग ही मौज वाईट म्हणावी काय? छे! मी मास्तर आहे. पहिला पाऊस आला की वर्गातली पोरे खिडकीकडे धावतात. त्याच वेळी त्यांचे बाप आभाळाकडे काळजीने पाहत असतात, कारण धूळपेरणी साधते की बुडते ते त्या पावसावर असते. पोरांच्या आनंदाला कोणी पाप म्हणत नाही. उलट ती हसतात म्हणून बापाचीही काळजी क्षणभर हलकी होते. दुसऱ्याची चिंता चालू असताना आपण हसलो, एवढ्यानेच हसणे अपराधी ठरत नाही. तसे असते तर या जगात कोणाला हसताच आले नसते.

बर्फाचा इतिहास पाहिला तरी हेच दिसते. नॉर्वे-स्वीडनकडच्या माणसांनी पायांना लांब फळ्या बांधल्या त्या शिकारीला जाता यावे म्हणून, शेजारच्या वस्तीत पोहोचता यावे म्हणून. खेळ म्हणून त्या फळ्या नावारूपाला आल्या त्या फार नंतर. आपल्याकडे तर बर्फ हा फारसा खेळाचा विषय नव्हता. महाभारतात पांडव हिमालय चढले ते देह ठेवायला, आणि एकेक करून त्या वाटेवर पडले. कालिदासाने कुमारसंभवाच्या आरंभी हिमालयाचे वैभव वर्णिले, पण बर्फाला त्याने त्या पर्वताचा एक दोषच मानले. इतक्या गुणांत हा एक दोष बुडून जातो, चंद्राच्या किरणांत डाग बुडावा तसा, अशी त्याने पर्वताची बाजू घेतली आहे. आज आपण तिकीट काढून जातो ते नेमका तो दोष पाहायला!

इथवर सारे ठीक आहे. पण पावसात नाचणारे पोर आणि बर्फात गेलेले आपण यांत एक फरक आहे. ते पोर स्वतःच्या पायांनी नाचते. आपण मात्र दुसऱ्याच्या पायांनी खेळतो. हे मला कळले ते २०२३ च्या जानेवारीत, गुलमर्गला.

गुलमर्ग हे काश्मीरमधले साधारण साडेआठ हजार फुटांवरचे पठार. उन्हाळ्यात कुरण, हिवाळ्यात पांढरी चादर. तिथे वर जायला तारेवरचे पाळणे आहेत, घसरण्याचे शिक्षण देणारे उस्ताद आहेत, आणि या सगळ्यांहून साधे असे एक वाहन आहे. त्याला स्लेज म्हणतात. आपल्या घरातल्या पाटाहून थोडी मोठी अशी लाकडी फळ्यांची घसरगाडी, तिला पुढे एक दोरी. गाडीवर पाहुणा बसतो, दोरी माणूस ओढतो. बर्फात घोट्यापर्यंत पाय रुतत असतात, चढ असतो, आणि तो माणूस वाकून ओढीत असतो.

आम्ही चौघे होतो. मी, आमच्या सौभाग्यवती, चिरंजीव आणि माझी माय. माय साक्रीकडची, सत्तरी ओलांडलेली. स्लेजवाल्यांनी गराडा घातला. चिरंजीव तत्काळ एका गाडीवर बसून निघूनही गेले. दुसरा एक स्लेजवाला मायपुढे गाडी लावून उभा राहिला. तो माझ्याच वयाचा असावा. अंगात फिरन, पायांत रबरी बूट, तळहातांना दोरीचे घट्टे. मायने त्या घट्ट्यांकडे पाहिले, दोरीकडे पाहिले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "मानूस मानूसले वढस, हाई काय मौज शे?"

मला काही उत्तर सुचेना. खरे सांगायचे तर मला बसायचे होते. मायच्या त्या एका वाक्याने माझी पंचाईत केली. मग तिने कनवटीची पिशवी सोडली, त्याचे जेवढे भाडे होते तेवढे पैसे काढले आणि त्याच्यापुढे धरले. म्हणाली, "भाऊ, तू हे घे. मी पायी चालते."

त्या माणसाने हात मागे घेतला. त्याचा चेहरा पडला. म्हणाला, "माँजी, बिना काम के पैसा नहीं लूँगा."

आता मायची पंचाईत झाली. तिने दया दाखवली होती, आणि त्या दयेने त्याला भिकाऱ्याच्या रांगेत नेऊन बसवले होते. सौभाग्यवती हळूच म्हणाल्या, "तो काम मागतो आहे, आई. दान नाही मागत." बर्फात उभ्या असलेल्या त्या तीन माणसांकडे पाहत मी गप्प होतो, आणि पुढच्या चढावर आमचे चिरंजीव दुसऱ्या एका माणसाच्या खांद्याच्या जोरावर किलकाऱ्या मारीत चालले होते. त्या माणसाला त्याच्या कामाचे दाम मिळणार होते. म्हणजे ज्याच्या मनात काहीच विचार नव्हता त्या पोराने एका घरची चूल पेटवली, आणि जिचे काळीज द्रवले त्या म्हातारीने एका माणसाचा अपमान केला. नीतीचे प्रश्न पुस्तकात सोपे असतात ते बहुधा तिथे बर्फ नसतो म्हणून.

या प्रश्नाला दोन ठरीव उत्तरे आहेत. पहिले उत्तर व्यवहाराचे : आपण बसलो तरच त्याच्या पोटाला मिळते, मग बसावे आणि विसरून जावे. यात अर्धे सत्य आहे. पण पोटाला मिळते एवढ्यावर सगळेच योग्य ठरले असते, तर वेठबिगारीविरुद्ध बोलण्याचेही कारण उरले नसते. दुसरे उत्तर सोवळेपणाचे : माणसाने माणसाला ओढू नये, म्हणून आपण बसू नये, आणि हात झटकून पुढे जावे. यातही अर्धे सत्य आहे. पण आपले हात स्वच्छ राहिले म्हणून त्याचे हात भरत नाहीत. शिवाय हा सोवळेपणा आपण सोयीने पाळतो. केदारनाथला जाताना आपल्यातली थकली-भागलेली माणसे दुसऱ्याच्या पाठीवरच्या कंडीत बसून वर जातात. तिथे पुण्य आपल्या खाती पडते आणि चढ त्याच्या पाठीवर. तेव्हा हा दोष केवळ मौज करणाऱ्यांचा आहे, असे यात्रेकरूंनी समजू नये.

आपल्या महाराष्ट्रातच हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. माथेरानला मोटारींना बंदी, म्हणून तिथे माणसांनी ओढायच्या रिक्षा वर्षानुवर्षे चालत आल्या. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा सहा महिन्यांत बंद करावी, असा आदेश दिला. मला त्या आदेशातली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटली. न्यायालय नुसते बंद करा म्हणून थांबले नाही. ओढणाऱ्यांचे पुनर्वसन करावे, विजेवर चालणाऱ्या रिक्षा त्यांच्या हाती द्याव्यात, असेही त्याने सांगितले. म्हणजे वरची दोन्ही अर्धी सत्ये त्याने एकत्र शिवली. दोरी सोडवायची, पण ज्याच्या हातातून सोडवायची त्याला पडू द्यायचे नाही. प्रथा मोडण्याचे काम सरकार-दरबारचे आहे. चार दिवसांसाठी गेलेल्या पाहुण्याने त्या चार दिवसांत काय करावे, हा आपला प्रश्न मात्र उरतोच.

त्या दिवशी तो आमच्यापुरता सुटला तो असा. स्लेजवाल्यानेच तोड काढली. म्हणाला, माँजी चढावर चालू देत, उतारावर बसू देत. गुलमर्गला उतारावर स्लेज ओढावी लागत नाही. स्लेजवाला पुढे बसतो, टाचा बर्फात रोवून दिशा धरतो, आणि पाहुणा त्याच्या मागे त्याला धरून बसतो. दोघेही एकाच गाडीवर असतात. माय त्याच्या दंडाला धरून चढ चढली. मध्ये दोनदा थांबली. वर पोहोचल्यावर त्याच्या मागे बसली, त्याचा फिरन दोन्ही मुठींत धरला, आणि गाडी सुटली तशी "माय वं!" म्हणून अशी ओरडली की खालचे लोक वळून पाहू लागले. खाली आली तेव्हा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. तोही हसत होता. रोज दहा वेळा त्या उतारावरून येणारा माणूस म्हातारीच्या हसण्याला हसत होता. ती दोघांची मौज होती. कोणी कोणाला ओढीत नव्हते.

पण उतार संपतो, आणि गाडी पुन्हा वर न्यावी लागते. चिरंजीवांना आणखी एक फेरी हवी होती. माय म्हणाली, "मंग दोरी तू धर." पोराने दोरी धरली. रिकामी गाडी होती, तरी शंभरेक पावलांत त्याची छाती भरून आली. त्याने मागे वळून त्या माणसाकडे पाहिले. त्या पाहण्यात जे होते ते मी त्याला वर्गात कधी शिकवू शकलो नसतो.

त्या चढावर चालता चालता स्लेजवाल्याने मला विचारले, "आपके यहाँ कितनी बर्फ पड़ती है?" मी म्हटले, पडतच नाही. तो थबकला. म्हणाला, "फिर गर्मी में पानी कहाँ से आता है?"

वाचकहो, मी भूगोल शिकवतो. हिमनद्या आणि बारमाही नद्यांचा धडा दरवर्षी घेतो. पण बर्फ म्हणजे पाणी, हे मला त्या दिवशी त्याच्या तोंडून कळले. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस कडाक्याच्या थंडीचे मानतात, त्याला चिल्ले कलान म्हणतात. पुढे वीस दिवसांचा धाकटा हिवाळा आणि दहा दिवसांचा त्याहून धाकटा. या चाळीस दिवसांत पडलेला बर्फ घट्ट बसतो आणि उन्हाळाभर हळूहळू वितळून ओढ्यांना, भाताला, बागांना पाणी पुरवतो. सफरचंदाच्या झाडालाही ही थंडी हवीच असते. हिवाळ्यात पुरेशी गारठल्याशिवाय ते वसंतात नीट फुलत नाही. ज्या थंडीने आमची केळ अडते, त्याच थंडीवर त्याचे सफरचंद येते. आम्ही ज्याला खेळाचे मैदान समजून तुडवीत होतो, ती त्याची भरलेली विहीर होती. पुढच्याच वर्षी, २०२४ च्या जानेवारीत, गुलमर्ग उघडेबोडके असल्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत आली. २०२५ च्या फेब्रुवारीत तिथे व्हावयाच्या राष्ट्रीय हिवाळी क्रीडास्पर्धा बर्फाअभावी मार्चपर्यंत लांबल्या. पर्यटकांनी हळहळ केली ती सहल फुकट गेल्याची. मला आठवला त्याचा प्रश्न, "पानी कहाँ से आता है?"

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात एक कठोर विचार आहे : जे मिळाले त्याची फेड न करता जो नुसते भोगतो, तो चोर. १९३२ साली आमच्या धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. तुरुंगातल्या त्या श्रोत्यांपाशी भोगण्यासारखे फारसे काही नव्हते. ज्यांच्यापाशी आज आहे, त्या आपल्याला तो विचार अधिक लागू पडतो. पण फेड म्हणजे भाडे काय? भाडे तर द्यावेच, घासाघीस न करता द्यावे. तरी भाड्याने श्रमाची किंमत होते, माणसाची होत नाही.

२२ एप्रिल २०२५ ला पहलगामजवळच्या बैसरन कुरणात सव्वीस माणसे मारली गेली. त्यांत सहा आपल्या महाराष्ट्रातली होती, सुट्टीसाठी गेलेली. आणि त्यांत एक होता तिथलाच घोडेवाला, सय्यद आदिल हुसेन शाह. पाहुण्यांना वाचवायला तो पुढे झाला आणि मारला गेला. घोड्याच्या फेरीचे जे काही भाडे ठरले असेल, त्यात हे बसत नव्हते. पाहुणा आणि त्याला नेणारा यांच्यामधल्या दोरीतून भाड्याच्या पलीकडचेही काही जात असते, हे त्याने आपला जीव देऊन दाखवले. ते एकाच बाजूने जात राहावे काय?

माझे उत्तर लहान आहे, आणि ते मला माझ्या मायने दिले. मौज जरूर करावी. पण दोरीच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे ते पाहून करावी. त्याला त्याच्या हिवाळ्याबद्दल विचारावे. उतार त्याच्याबरोबर बसून उतरावा, आणि आपल्या अंगात बळ असेल तेवढा चढ त्याच्याबरोबर चालावा. याने जगातली विषमता मिटत नाही, हे मला ठाऊक आहे. आम्ही गाडीत बसून परत आलो आणि तो तिथेच दोरी धरून उभा राहिला. मायने निघताना पिशवीतले संक्रांतीचे चार तिळाचे लाडू त्याच्या हातावर ठेवले, ते मात्र त्याने लगेच घेतले. ते कामाचे नव्हते आणि दयेचेही नव्हते.

आणि ज्यांना बर्फाकडे जायचे नाही, त्यांनी हा प्रश्न आपला नाही असे समजू नये. परत आल्यावर पंधरा दिवसांनी आम्ही एका नातलगाच्या मळ्यावर भरिताला गेलो. रात्री थंडी मजेची होती. जाळाभोवती आम्ही वीसेक माणसे गप्पा मारीत बसलो होतो. सालदार एकटा वांगी उलटीपालटी करीत होता, त्याच्या डोळ्यांत धूर जात होता. असे मी जन्मभर पाहत आलो आहे. पंगत बसली, सालदाराने वाढले, आणि आम्ही जेवू लागलो. चिरंजीव मात्र बसेनात. घरधन्याने विचारले, "का रे, भूक नाही का?" पोरगा म्हणाला, "ते बसले नाहीत अजून."

पंगत क्षणभर गप्प झाली. मग घरधनी स्वतः उठले, सालदाराच्या हातातली परात घेतली आणि त्याला मायच्या शेजारी बसवले.